ब्लॅकबर्न रोव्हर्स : धोतरांच्या गावातला क्लब आणि पुण्याचे मालक



आपल्या मॉसन लेक्सच्या आसपास, विशेषतः उत्तरेला सॅलिसबरी आणि एलिझाबेथच्या बाजूला, मूळची इंग्लंडची मंडळी पुष्कळ आहेत. एलिझाबेथ हे गाव १९५५ मध्ये वसवले गेले आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधून हजारो कुटुंबे तिथे येऊन राहिली. त्यातला एखादा आजोबा लँकेशायरचा निघाला आणि आपण पुण्याचे आहोत असे त्याला कळले, तर तो शनिवारवाडा किंवा बाकरवडीबद्दल विचारणार नाही. तो विचारेल, "पुणे? म्हणजे त्या वेंकीजवाल्यांचे गाव?" आणि पुढचा अर्धा तास तुमची सुटका नाही!

आपल्यापैकी बहुतेकांचा पिंड क्रिकेटचा. पण इथे वाढणारी आपली मुले शनिवार-रविवारी फुटबॉलच्या मैदानावर असतात आणि इंग्लिश क्लबांची नावे त्यांना तोंडपाठ असतात. (ॲडलेडमध्ये 'फुटी' म्हणजे वेगळाच खेळ, म्हणून इथे याला सॉकर म्हणतात. या लेखात फुटबॉल म्हणजे सॉकरच.) त्या क्लबांपैकी एकाचे मालक पुण्याचे कसे झाले, त्याआधीची सव्वाशेहून अधिक वर्षे तो क्लब काय होता आणि नंतर काय घडले, याची माहिती एकत्र असावी म्हणून हा लेख.

गाव आणि धोतरे

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या वायव्येला, मँचेस्टरपासून थोडे उत्तरेला असलेले गाव. लोकसंख्या साधारण सव्वा लाख, म्हणजे आपल्या हिशोबाने एखादे तालुक्याचे मोठे ठिकाण. सूतकताईत क्रांती करणारे 'स्पिनिंग जेनी' यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकात इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव धुराड्यांनी भरून गेले.

यात आपला संबंध असा, की ब्लॅकबर्नच्या मागांवर मोठ्या प्रमाणात विणली जात ती हिंदुस्थानच्या बाजारासाठीची धोतरे. आपल्या पणजोबांच्या अंगावरचे काठाचे धोतर कदाचित तिथून आलेले असेल. मुंबईत १८५४ मध्ये पहिली गिरणी स्थापन झाली, पण लँकेशायरच्या मालाशी टक्कर देणे तिला आणि तिच्यानंतरच्या गिरण्यांना बराच काळ जड गेले. पुढे स्वदेशीची चळवळ आली. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्लॅकबर्नच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. याला जपानी कापड, भारतातल्या गिरण्या आणि बहिष्कार अशी अनेक कारणे होती. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत आलेले महात्मा गांधी मुद्दाम शेजारच्या डार्वेन गावी गेले आणि बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. बहिष्काराचा फटका ज्यांना बसला त्याच कामगारांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. गिरणी कामगार स्त्रियांच्या घोळक्यात हसणारे गांधीजी, हा फोटो आपण अनेकांनी पाहिला असेल.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे क्लब समजून घ्यायचा तर गाव समजायला हवे. गिरण्या गेल्या, लोक गेले, पण क्लब राहिला. म्हणून तिथल्या लोकांचा त्यात एवढा जीव.

क्लबची सुरुवात

५ नोव्हेंबर १८७५ रोजी ब्लॅकबर्नच्या सेंट लेजर हॉटेलात १७ तरुणांची बैठक झाली. पुढाकार जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या श्रूजबरी शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांचा. सुरुवातीला क्लबकडे स्वतःचे मैदानही नव्हते आणि 'रोव्हर्स' या शब्दाचा अर्थच 'भटके' असा आहे! (मुंबईकरांना कूपरेजवरचा 'रोव्हर्स कप' आठवेल. ती १८९१ साली सुरू झालेली वेगळी स्पर्धा. फक्त नावात साम्य.) पहिला सामना १८ डिसेंबर १८७५ रोजी चर्च या शेजारच्या गावाच्या संघाशी झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला.

त्या काळी फुटबॉल हा मुख्यतः श्रीमंतांच्या शाळांतून शिकलेल्यांचा खेळ होता. १८८२ मध्ये रोव्हर्स एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचले, पण ओल्ड इटोनियन्स या ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून हरले. पुढच्याच वर्षी याच गावातल्या 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' या दुसऱ्या संघाने त्याच इटोनियन्सना २-१ असे हरवून कप उत्तरेला आणला. त्या संघात विणकर आणि गिरणी कामगार होते. फुटबॉल 'साहेबां'कडून कामगारांकडे गेला तो या सामन्यापासून, असे म्हटले जाते. ऑलिंपिक क्लब १८८९ मध्ये बंद पडला. रोव्हर्स मात्र टिकले आणि त्यांनी १८८४, १८८५ व १८८६ असा सलग तीन वेळा एफए कप जिंकला. नंतर १८९०, १८९१ आणि १९२८ मध्येही जिंकला. एकूण ६ वेळा.

खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही हा त्या वेळचा मोठा वाद होता. सोमवार ते शनिवार गिरणीत राबणाऱ्या माणसाला मोबदला न देता खेळायला लावायचे, तर तो खेळणार कसा? उत्तरेकडचे क्लब गुपचूप पैसे देत असत. अखेर १८८५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ मध्ये १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली आणि त्या बारांत रोव्हर्स होते. १८९० पासून ईवूड पार्क हे त्यांचे मैदान आहे. अर्धा निळा, अर्धा पांढरा असा त्यांचा शर्ट. बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे, त्याचा अर्थ 'कौशल्याने आणि कष्टाने'.

चढ आणि मोठा उतार

१९१२ आणि १९१४ मध्ये रोव्हर्सने लीगचे विजेतेपद मिळवले. पण महायुद्धानंतर गावाचे दिवस फिरले, तसे क्लबचेही. १९३६ मध्ये क्लब प्रथमच खालच्या श्रेणीत गेला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इथल्या ए-लीगमध्ये ती नाही. इंग्लंडमध्ये श्रेणींची उतरंड आहे. तळाला राहणारे संघ दर वर्षी खाली जातात आणि खालचे पहिले काही संघ वर येतात. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर दर वर्षी प्रमोशन किंवा डिमोशन, तेही अख्ख्या कंपनीचे! खाली गेले की टीव्हीचे पैसे आटतात, चांगले खेळाडू सोडून जातात आणि परत वर येणे कठीण होते.

१९५० च्या दशकात रॉनी क्लेटन आणि ब्रायन डग्लस हे इंग्लंडकडून खेळणारे खेळाडू रोव्हर्सकडे होते. १९६० मध्ये क्लब पुन्हा कपच्या अंतिम सामन्यात गेला आणि वुल्व्ह्जकडून ३-० असा हरला. १९६१ मध्ये खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली. खेळाडूंच्या दृष्टीने ते न्याय्यच होते, पण त्यामुळे मोठ्या शहरांतले श्रीमंत क्लब पुढे निघून गेले आणि ब्लॅकबर्नसारख्या छोट्या गावांची दमछाक झाली. १९६६ मध्ये रोव्हर्स पुन्हा खाली घसरले, ते थेट १९९२ पर्यंत वर आले नाहीत. मधली काही वर्षे तर तिसऱ्या श्रेणीत गेली.

जॅक वॉकर : गावचा शेठ

जॅक वॉकर यांचा जन्म १९२९ चा, ब्लॅकबर्नचाच. वडिलांच्या पत्र्याच्या कामाच्या छोट्या धंद्यातून त्यांनी आणि त्यांच्या भावाने पोलादाच्या व्यापाराची मोठी कंपनी उभी केली, ती ब्रिटिश स्टीलला विकली आणि १९९१ मध्ये क्लब आपल्या हाती घेतला. केनी डॅल्ग्लिश यांच्यासारखा नामांकित व्यवस्थापक दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात आणला. १९९२ मध्ये क्लब वर आला तो अगदी मोक्याच्या वेळी, कारण त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली. मग ॲलन शिअररला विक्रमी रक्कम देऊन घेतले. मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्याने बांधल्या.

१४ मे १९९५. हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये २-१ असे हरले. पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने १-१ असे रोखले होते. रोव्हर्सचे ८९ गुण, युनायटेडचे ८८! सामना हरूनही सव्वा लाख वस्तीचे गाव इंग्लंडचे विजेते ठरले. शिअररने त्या हंगामात ३४ गोल केले. २०२५ पर्यंत प्रीमियर लीग जिंकलेले क्लब फक्त ७ आहेत आणि त्यात ब्लॅकबर्न आहे.

इथल्या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या विजेत्या संघात रॉबी स्लेटर हा ऑस्ट्रेलियन खेळाडू होता. पुढे लुकास नील, ब्रेट एमर्टन आणि विन्स ग्रेला हे 'सॉकरूज'ही रोव्हर्सकडून खेळले. त्यामुळे त्या काळात ऑस्ट्रेलियात हा क्लब बऱ्यापैकी माहितीचा झाला होता.

१९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये क्लब खाली उतरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच हंगामात, २००१ मध्ये, क्लब परत वर आला आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला २-१ हरवून लीग कप जिंकला. मालकी वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडे होती. पण प्रीमियर लीगमध्ये आता अब्जाधीश मालक येऊ लागले होते. ट्रस्टने खरेदीदार शोधायला सुरुवात केली.

पुण्याहून आलेले मालक

डॉ. बी. व्ही. राव यांना भारतीय कुक्कुटपालन उद्योगाचे जनक मानतात. १९७१ मध्ये त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर या उद्योगसमूहाचे मुख्य कार्यालय आहे. अंड्यांचे दर दलालांऐवजी उत्पादकांनी ठरवावेत म्हणून १९८२ मध्ये जी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली, तिच्यामागेही तेच होते. टीव्हीवरची अंड्यांची जाहिरात आपल्या पिढीला नक्की आठवत असेल, ती याच समितीची. राव १९९६ मध्ये वारले. पुढे कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र व्यंकटेश व बालाजी यांनी कारभार सांभाळला.

नोव्हेंबर २०१० मध्ये या समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. प्रीमियर लीगमधला क्लब एखाद्या भारतीय कंपनीने घेण्याची ही पहिलीच वेळ. ज्या पुण्यात १०५ वर्षांपूर्वी विलायती कापडाची होळी झाली, तिथल्या कंपनीने कापडाच्या गावचा क्लब घेतला! आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला.

पण तोपर्यंत तिकडे वातावरण बिघडले होते. क्लब घेतल्यावर महिन्याच्या आत अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढले. संघ तेव्हा १३ व्या क्रमांकावर होता, म्हणजे संकटात नव्हता. त्यांच्या जागी प्रशिक्षकांपैकी स्टीव्ह कीन आले. वर्षानुवर्षे क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्सही २०११ मध्ये गेले. खेळाडू कोंबडीचे तुकडे खात आहेत अशी जाहिरात निघाली, तिची इंग्लंडभर थट्टा झाली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी चक्क एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तो सामना १-० असा हरून क्लब ११ वर्षांनी प्रीमियर लीगच्या बाहेर पडला. पुढच्या हंगामात तर हेनिंग बर्ग ५७ दिवस आणि मायकेल ॲपलटन ६७ दिवस व्यवस्थापक होते. आपल्याकडे नोटीस पीरियडसुद्धा याहून मोठा असतो!

२०१७ मध्ये गोलफरकाने क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. टोनी मोब्रे यांनी २०१८ मध्ये त्याला लगेच दुसऱ्या श्रेणीत परत आणले. २०२२-२३ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत क्लब ७ वा आला. प्ले-ऑफसाठी त्या वेळी सहावा क्रमांक लागायचा. म्हणजे उंबरठ्यापर्यंत येऊन परत!

नाण्याच्या दोन बाजू

या मालकांवर इतकी टीका झाली आहे, की दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक क्लब तोट्यात चालतात. तो तोटा मालकांनी भरला नाही तर क्लब बुडतो. ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेला बरी हा १८८५ सालचा क्लब २०१९ मध्ये पैशांअभावी लीगमधून बाहेर फेकला गेला. वेंकीजने मात्र वर्षानुवर्षे पैसे घातले, एकूण २० कोटी पौंडांहून अधिक. त्यांच्या काळात क्लबची अकादमी उत्तम चालली. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला ॲडम व्हार्टन या अकादमीत घडला आणि २०२४ मध्ये युरो स्पर्धेच्या इंग्लंड संघात गेला. मात्र त्याआधी काही महिने क्लबने त्याला क्रिस्टल पॅलेसला विकले होते.

तसे विकायची वेळ का येते? एक कारण भारतातले. परकीय चलन कायद्याखालील चौकशीमुळे अलीकडच्या वर्षांत क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. परदेशी पैसे पाठवण्याची कागदपत्रे म्हणजे काय असते हे आपल्याला माहीत आहे. पण तिकडे ईवूड पार्कच्या स्टँडमध्ये बसणाऱ्याला दिल्लीची तारीख पुढे का गेली हे कसे कळणार? २०२५ मध्ये क्लबच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली, तेव्हाही चाहते संतापले.

मला स्वतःला वाटते, की खरा प्रश्न ना पैशांचा आहे, ना अंतराचा. जॅक वॉकरही १९७० च्या दशकापासून ब्लॅकबर्नमध्ये राहत नव्हते. ते जर्सी बेटावर राहायचे. पण सामन्याला विमानाने यायचे, लोकांत दिसायचे, लोकांच्या भाषेत बोलायचे. पुण्याचे मालक सुरुवातीची काही वर्षे सोडली तर मैदानावर क्वचितच दिसले आणि फारसे बोललेही नाहीत. पैसे येत राहिले, माणसे आली नाहीत.

गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला सर्वांत मोठी देणगी परदेशातल्या माणसाची असते. पण उत्सवाला तो दहा-दहा वर्षे फिरकला नाही, की गावकरी त्याचे नाव पाटीवर वाचतात आणि पुढे जातात. देणगी खोटी नसते आणि गावकऱ्यांचे वाटणेही खोटे नसते. क्लबचे शेअर विकत घेता येतात. त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार मात्र तिथे जाऊन-येऊनच मिळतो.

आजचे ब्लॅकबर्न

एक शेवटची नोंद. १९५० आणि ६० च्या दशकांत उरलेल्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गुजरात आणि पाकिस्तानातून कामगार आले. आज गावाचा मोठा भाग या कुटुंबांचा आहे. मे २०२२ मध्ये ईदची नमाज ईवूड पार्कच्या हिरवळीवर झाली. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर असे प्रथमच घडले. ज्या गावातून धोतरे बाहेर जात, त्या गावात आपल्या बाजूची माणसे येऊन स्थायिक झाली आणि मैदानही त्यांचे झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लबला १५० वर्षे पूर्ण झाली.

थोडक्यात कालक्रम

१८७५ – स्थापना
१८८४, १८८५, १८८६ – सलग तीन एफए कप
१८८८ – फुटबॉल लीगच्या १२ संस्थापकांत समावेश
१८९० – ईवूड पार्क, चौथा एफए कप
१८९१, १९२८ – पाचवा आणि सहावा एफए कप
१९१२, १९१४ – लीग विजेते
१९९१ – जॅक वॉकर यांच्याकडे सूत्रे
१९९५ – प्रीमियर लीग विजेते
२००२ – लीग कप
२०१० – पुण्याच्या वेंकीजकडे मालकी
२०१२ – प्रीमियर लीगमधून बाहेर
२०१७ – तिसऱ्या श्रेणीत घसरण
२०१८ – दुसऱ्या श्रेणीत पुनरागमन
२०२५ – १५० वर्षे पूर्ण

ज्यांना सामने पाहायचे असतील त्यांच्यासाठी : इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ वाजता सुरू होणारा सामना म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात आपले रात्रीचे साडेअकरा. आपल्याकडचा उन्हाळा आणि तिकडचा हिवाळा असेल तेव्हा रविवारची पहाट, दीड वाजता. एवढ्या रात्री जागून पाहणारा लँकेशायरचा कोणी आजोबा तुमच्या गल्लीत असेल, तर त्याला चहाला जरूर बोलवा. धोतरांची गोष्ट त्याला ठाऊक असेल का, हे विचारून पाहा. आणि तो पुण्याच्या नावाने तक्रार करू लागला, तर मध्ये न बोलता शांतपणे ऐकून घ्या. एवढे तरी आपण पुणेकरांनी करायला हवे!